गालाचा कल

आमच्या मिरजेच्या घरात सकाळचा चहा घड्याळावर होत नसे, अण्णांच्या दाढीवर होत असे. ओसरीच्या खिडकीत गोल आरसा, कट्ट्यावर पितळी मग, मगात बंबातलं कढत पाणी. आधी ब्रश साबणावर फिरल्याचा मऊ आवाज यायचा, मग रेझरची बारीक खर्र... खर्र... आणि सगळ्यात शेवटी मगाच्या काठावर रेझर आपटल्याचे तीन ठोके. टक्, टक्, टक्. ते ऐकू आले की आई आधणात चहाची पूड टाकायची. अण्णा तोंडावर गार पाणी मारून, तुरटी फिरवून, पंचाने गाल टिपत आत येईपर्यंत कप भरलेला असायचा. यात दोघांना एकमेकांशी एक शब्दही बोलावा लागत नसे.

1975च्या पावसाळ्यात अण्णा गेले. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. दिवसकार्य झालं, पाहुणे परतले, आणि पुढे कितीतरी दिवस आमच्या घरात चहा कधी लवकर, कधी उशिरा होत राहिला. दाढीचं सामान आईने एका पत्र्याच्या डब्यात भरलं आणि डबा कपाटाच्या वरच्या फळीवर, ठेवणीतल्या शालींच्या मागे ठेवला. मला तो तिथे आहे हे माहीत होतं. तिने तो काढावा असं मला वाटत नव्हतं आणि मी मागावा असं धाडसही होत नव्हतं.

तीन वर्षांनी मी अकरावीत गेलो. ओठांवर मिसरूड होतंच, आता हनुवटीवर आणि कानशिलांखाली काळे पुंजके दिसू लागले. दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी सकाळी आई फराळाच्या भाजण्या भाजत होती. मधेच तिने कढई खाली उतरवली, हात धुतले, पदराला पुसले आणि स्टुलावर चढून तो डबा काढला. म्हणाली, "चल, ओसरीवर बस. दिवाळीला असं तोंड घेऊन पाटावर बसायचं नाही."

डबा उघडला तसा सगळ्या ओसरीभर अण्णांचा वास पसरला. गोदरेजचा गोल साबण वाळून चिरला होता. ब्रशाचे केस एका बाजूला झुकले होते. तुरटीचा खडा वापरून वापरून गुळगुळीत होऊन नदीतल्या गोट्यासारखा दिसत होता. आणि फडक्यात गुंडाळलेला रेझर. अण्णांनी तो रेल्वेतल्या नोकरीच्या पहिल्या पगारातून मुंबईला घेतला होता. पितळेवर निकेलचा मुलामा होता. मुठीला बारीक चौकटींची नक्षी होती आणि ती जिथे त्यांचं बोट रोज टेकायचं तिथे झिजून पिवळं पितळ दिसत होतं. आईने तो उलगडून दाखवला. तीन भाग. वरची कमानदार टोपी, खालची दातेरी पट्टी आणि मूठ. मूठ फिरवली की टोपी आणि पट्टी एकमेकांवर बसत.

मी पात्यांचं पाकीट उघडायला गेलो, तर तिने हात धरला. "पातं नाही लावायचं अजून."

पहिले तीन दिवस मी रिकाम्या रेझरने दाढी केली. ही युक्ती तिला कुणी सांगितली नव्हती, तिला ती सुचली होती. बाळ चालायला लागतं तेव्हा आपण आधी पांगुळगाडा देतो ना, असं म्हणाली. कढत पाण्याने तोंड धुवायचं, ब्रश गोल गोल फिरवत फेस करायचा, गालाला लावायचा आणि पातं नसलेला रेझर तसाच फिरवायचा. फेस निघत जायचा, केस जागच्या जागी राहायचे. ती समोर पाटावर बसून बघायची आणि चुका काढायची.

तेव्हा मला कळलं की आईने अण्णांची दाढी वीस वर्षं किती बारकाईने पाहिली होती. "हे आधी उजव्या गालावरनं सुरुवात करायचे, कानाच्या पाळीपासून." "हनुवटीशी आल्यावर खालचा ओठ दातांवर ओढून घ्यायचे, हं, असा." ओठांवरचे केस काढताना ते वरचा ओठ ताणून खाली घ्यायचे, तेही तिने स्वतःचा ओठ ताणून दाखवलं. गाल फुगवून आत जीभ कशी टेकवायची, कानाशी कातडी दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी वर कशी ओढायची, घाटीवरून रेझर नेताना आवंढा गिळून श्वास कसा धरायचा आणि कातडी थोडी बाजूला कशी सरकवायची. ती हे सगळं माझ्या समोर स्वतःच्या चेहऱ्यावर करून दाखवत होती. फुगवलेले गाल, ताणलेला ओठ, वर केलेली मान. त्या तीन सकाळी तिच्या चेहऱ्यावर मला क्षणभर अण्णा दिसले. तिलाही ते कळत असावं, कारण दाखवून झालं की ती थोडा वेळ अंगणाकडे बघत बसायची.

चौथ्या दिवशी पातं बसवलं. पात्याच्या कडा बोटांना लागू नयेत म्हणून ते दोन टोकांना धरून ठेवायचं, हेही तिनेच सांगितलं. ती पाती शिवण उसवायला वापरत असे, तिला ती हाताळायची सवय होती. वापरून झालेलं पातं आमच्याकडे वाया जात नसे. अर्धं मोडून कागदात गुंडाळलेला तुकडा शिवणाच्या डब्यात, दुसरा माझ्या कंपासपेटीत पेन्सिलीला टोक काढायला. त्याआधीच्या पिढीत तर पातं संपत आलं की काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला दोन बोटांनी घासून त्याला पुन्हा धार आणत. आजोबांना तसं करताना मी पाहिलं होतं. ती पोलादाची साधी पाती असत, ओली राहिली की दुसऱ्या दिवशी गंजाचे ठिपके. पुढे स्टेनलेसची आली तेव्हा गंज गेला आणि पेल्यांचाही निरोप घेतला गेला.

त्या चौथ्या दिवशी मी सगळं आईने सांगितल्याप्रमाणे केलं आणि तीन ठिकाणी कापून घेतलं. एक हनुवटीवर, दोन गळ्यावर. पांढऱ्या फेसात लाल रेघ उतरली तशी आई उठली, तुरटी ओली करून तिने स्वतः दाबून धरली. तुरटी झोंबते, पण तिच्याने रक्त पटकन थिजतं, बारीक शिरा आकसतात. माझं रक्त थांबलं, पण आईचा चेहरा उतरलेला होता. "यांना कधी असं लागलं नाही रे. माझं काय सांगायचं राहिलं, तेच कळत नाही."

तिने काहीच सांगायचं सोडलं नव्हतं. बाहेरून जेवढं दिसतं तेवढं सगळं तिने मला दिलं होतं. पण अण्णांच्या हातात किती जोर असायचा आणि बोटांना काय जाणवायचं, ते तिला खिडकीच्या अलीकडून दिसणार कसं?

ते मला दिलं शेजारच्या गल्लीतल्या सतारमेकर चाचांनी.

आमचं घर सतारमेकर गल्लीला लागून होतं. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात, आणि 2024मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण आम्हा पोरांना ती गल्ली म्हणजे लाकडाचा भुसा, लाखेचा वास आणि दुपारभर तारा जुळवल्याचे सूर एवढंच होतं. मंगळवेढा-पंढरपूरकडून आलेले मोठाले भोपळे दारांत वाळत पडलेले असायचे. हे सतारमेकर मूळचे शिकलगार. त्यांचे पूर्वज तलवारी-भाल्यांना पाणी द्यायचे, धार लावायचे. लढाया संपल्या, हत्यारांचं काम गेलं, आणि एकोणिसाव्या शतकात मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने त्यांचे हात वाद्यांकडे वळले. धारेची जाण मात्र त्या हातांत राहिली.

चाचांच्या दुकानात मी शाळेतून येताना रोज बसायचो. त्या दिवशी गळ्यावरचे डाग बघून त्यांनी हातातली कानस खाली ठेवली.

"हे काय करून घेतलंस रं?"

मी सांगितलं.

"दाबलास न्हवं?"

मी मान हलवली.

"आणि कल बघितलास का आधी?"

मला कळलं नाही. त्यांनी तूनच्या लाकडाची एक फळी पुढे ओढली, माझा हात धरून तिच्यावर एकीकडून दुसरीकडे फिरवला. मग उलटा फिरवला. जाताना हात गुळगुळीत गेला, येताना बोटांना काहीतरी टोचलं. "लाकडाला जसा कल, तसाच केसाला. रंधा कलानं मारला तर सालपट निघतं, उलटा मारला तर चिरा उडतात. आता गालावर फिरव हात."

मी फिरवला. गालावर वरून खाली हात सहज गेला. गळ्यावर मात्र नाही. डाव्या बाजूला केस खालून वर उगवत होते, उजव्या बाजूला आडवे, कानाकडे. आणि मी गळ्यावरही गालासारखाच वरून खाली रेझर ओढला होता. सगळ्यांचा गाल एकसारखा नसतो. अण्णांना त्यांच्या गळ्याचा कल ठाऊक होता, त्यामुळे त्यांचा हात तिकडे आपोआप वळत असणार. आईने अण्णांचा गळा मला शिकवला होता, माझा गळा मला शोधायचा होता.

मग त्यांनी मला जवारी लावताना बसवलं. तंबोऱ्याच्या घोडीवरून तार जाते तिथे तो पृष्ठभाग इतका बारकाईने घासावा लागतो की तार त्याला जेमतेम शिवत, सरकत गुंजली पाहिजे. कानस एक हात जास्त फिरली तर नाद मरतो. चाचांनी कानस माझ्या हातात दिली आणि माझ्या मुठीवर त्यांची मूठ ठेवली. मला वाटलं होतं ते दाबतील. त्यांच्या हातात भारच नव्हता. कानस तिच्याच वजनाने सरकत होती, हात फक्त तिला वाट दाखवत होता. "अवजाराला वजन असतं, बाळा. तेवढं पुरतं. तुझं वजन त्यात घालू नगंस."

जाता जाता म्हणाले, "उद्या रेझरची टोपी गालाला टेकव, मूठ आडवी धर. आणि हळूहळू खाली आण. जिथं खर्र ऐकू येईल, तिथं थांब. तोच कोन. कान लाव, डोळे नंतर."

दुसऱ्या दिवशी नाही, त्वचा भरू दिली आणि चौथ्या दिवशी बसलो. कढत पाण्याचा पंचा दोन मिनिटं तोंडाला धरला, कारण कोरडा केस तारेसारखा चिवट असतो, पाणी प्यायला की मऊ पडतो. फेस लावला. टोपी गालाला टेकवून मूठ हळूहळू खाली आणली. आधी काहीच नाही, रेझर नुसता सरकला. थोडी अजून. आणि मग तो आवाज आला. खर्र. अगदी बारीक. इतकी वर्षं आतल्या खोलीत पांघरुणात पडून ऐकलेला आवाज माझ्या स्वतःच्या गालातून येत होता.

मी मूठ टोकाशी, तीन बोटांत धरली. एकदम लांब ओढायचं नाही, दोन-दोन बोटं अंतर. प्रत्येक वेळी पाण्यात हलवून धुवायचं. पात्याच्या लांबीच्या दिशेने कधी सरकवायचं नाही, कारण पातं तसं गेलं की ते कापतंच. हे सगळं मी मनात म्हणत होतो. गळ्यावर आलो तेव्हा आधी हाताने कल पाहिला आणि डावीकडे खालून वर, उजवीकडे आडवा असा रेझर नेला. पुन्हा फेस लावला, पुन्हा एकदा हलकेच. कोरड्या कातडीवर एकदाही नाही. शेवटी आरशात पाहिलं. लाल रेघ कुठेच नव्हती.

रेझरमध्ये अडकलेले केस झटकायला मी तो मगाच्या काठावर आपटला. मुद्दाम नाही, सवयीने कानांत असलेलं हाताने केलं. टक्, टक्, टक्.

स्वयंपाकघरात काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग चहाच्या डब्याचं झाकण उघडलं.

मी तोंड धुऊन, तुरटी फिरवून आत गेलो. कप ओट्यावर भरलेला होता. आई पाठमोरी होती. तिने माझ्याकडे वळून गालावरून हाताची मागची बाजू फिरवली, आधी खाली, मग वर. "हं," एवढंच म्हणाली.

पुढे कॉलेजात असताना मला या रेझरची जन्मकथा वाचायला मिळाली. किंग कॅम्प जिलेट हा अमेरिकेतला फिरता विक्रेता, बाटल्यांच्या बुचांच्या कंपनीत कामाला. बूच एकदा वापरून फेकतात आणि गिऱ्हाईक पुन्हा येतं, तसं पातं का असू नये, हा विचार त्याच्या मनात 1895च्या सुमारास आला. तोवर वस्तऱ्याला रोज चामड्यावर घासून धार द्यावी लागे, आणि तो पुन्हा पुन्हा जाणकाराकडून सहाणेवर लावून आणावा लागे. पण इतक्या पातळ पोलादी पत्र्याला टिकेल अशी धार कशी द्यायची, हे कुणाला जमत नव्हतं. विल्यम निकर्सन या अभियंत्याने ते जमवलं. 1903 साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, 51 रेझर आणि 168 पाती खपली. 1904 साली पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांना हे रेझर दिले, आणि खंदकांत लागलेली सवय घेऊन ते घरी परतले.

मी ही हकिकत चाचांना सांगितली. त्यांनी पातं बोटाच्या नखावर धरून निरखून पाहिलं. त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या धार लावली होती आणि हे पातं धार लावण्यासाठी बनलेलंच नव्हतं. "एवढं पातळ पोलाद वाकतं, म्हणून हे कमानीत बसवतात. वाकवलं की ताठ होतं," ते म्हणाले. रेझरची टोपी कमानदार का असते आणि एका विशिष्ट कोनातच तो का कापतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. चाचांनी ते नुसतं हातात घेऊन ओळखलं.

पुढच्या काळात पाती स्वस्त झाली आणि घरोघर गेली. टोपाझ, पनामा, भारत अशी कितीतरी नावं होती, ठाण्यात तयार झालेली सुपरमॅक्सची पाती परदेशातही विकली जात. मग दोन-तीन पात्यांचे प्लास्टिकचे रेझर आले, आता ट्रिमर आले. मला त्यांच्याबद्दल आकस नाही. घाईच्या सकाळी ते बरेच पडतात. पण अण्णांचा रेझर मी आजवर सोडलेला नाही. निकेलचा मुलामा अर्धाअधिक गेला आहे. जिथे अण्णांच्या बोटाने पितळ उघडं पडलं होतं, तिथेच माझं बोट टेकतं. त्या जागेचं माप आता दोघांचं आहे.

नोकरीनिमित्त मी पुण्यात आलो. चाचा आता नाहीत. आई सव्वीस वर्षांपासून आमच्याकडे आहे. तिचं वय 88 आहे, काचबिंदूने नजर बरीच गेली आहे, आणि सकाळी ती बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत जप करत बसते. स्नानगृहाचं दार मी उघडंच ठेवतो. माझ्याकडे तिला बघता येत नाही, पण रेझर चालू असतो तेव्हा तिची माळ मंद होते. मागच्या दिवाळीत पहिल्या आंघोळीच्या आदल्या दिवशी मी जरा घाईत होतो. हनुवटीखाली उजवीकडे दुसऱ्यांदा फेस लावला नाही आणि सरळ पाणी घेतलं.

"उजवीकडे एकदाच फिरवलास," खुर्चीतून आवाज आला. "आवाज एकदाच आला."

मी पुन्हा फेस लावला आणि त्या जागेच्या कलाने रेझर फिरवला. मगाच्या काठावर तो तीनदा आपटला. आईने माळ थांबवली आणि स्वयंपाकघराकडे तोंड वळवून हाक दिली, "सूनबाई, चहा टाक गं. झाली याची."